मोटरीचा पाय

मल्लाप्पा अंबिगेर सायकलच्या कॅरियरला बांधून घेऊन आला
बोटीच्या मोटरीचा खालचा पाय,
गोणपाटात गुंडाळलेला,
दुखणाईत करडू आणावं तसा.
"अक्का, नीर होग्याव," म्हणाला
आणि अंकलीतल्या माझ्या शेडच्या उंबऱ्यावरच बसला.

खालचा स्क्रू सैल केला.
यायला हवं होतं तेल, काकवीसारखं, सावकाश.
आलं ते ताक.
"मज्जिगे," तो म्हणाला.
"ताक," मी म्हणाले.
डबा भरत राहिला.

स्क्रूच्या टोकाच्या चुंबकावर लोखंडाची मिसरूड.
चिमटीत चोळून पाहिली: पीठ आहे, कणी नाही.
म्हणजे गियरचे दात शाबूत आहेत.
अजून.

पंखा उतरवला.
त्याच्या मागं दांड्याला तंगूस, हिरवा, वेढ्यावर वेढे,
त्यात उसाचं पाचट
आणि कुणाच्या तरी परकराची नाडी.
नाडी पुराच्या सालातली असणार.
तेव्हा हिनं एका दिवसात सतरा फेऱ्या केल्या म्हणे,
मळीतली सगळी माणसं आणली, म्हशी राहिल्या.
मल्लाप्पा नाडीकडं बघत नाही.
तंगूस मात्र हातात घेऊन ओळखतो,
"आमच्याच जाळ्याचा हाय की हा."

एवढ्याशा दोऱ्यानं सील कापलं.
सील म्हणजे तरी काय,
रबराचा नखाएवढा ओठ.
अल्याड तेल, पल्याड कृष्णा,
आणि मधनं दांडा फिरतोय दिवसभर.

बाबांनी कारखान्याच्या भंगारातनं केलेला पुलर,
दोन पायांचा, एक आखूड.
त्यानं जुनी सीलं ओढून काढली.
नवी या मोटरीची मिळत नाहीत,
उद्यमबागेतनं ट्रॅक्टरची आणलीत,
नाव वेगळं, माप तेच.
दोन बसवायची, पाठीला पाठ लावून:
एक तेलाला बाहेर सोडत नाही,
एक पाण्याला आत.
पहिल्यांदा मी दोन्ही एकाच तोंडानं ठोकली होती.
बाबा तेव्हा काही बोलले नाहीत,
मोटर परत आल्यावर बोलले.

मल्लाप्पाच्याच सायकलच्या पंपानं आत हवा भरली,
पाय पिंपात बुडवला.
दोघं काठावर वाकलो.
एक बुडबुडा आला.
त्यानं माझ्याकडं पाहिलं.
खोबणीतली हवा असते ती, पहिली एक,
असं मी सांगितलं नाही.
मलाही खात्री नव्हती.

तो मोजायला लागला, ओंदु, येरडु, मूरु...
पाण्यात आमची दोन तोंडं,
त्यांच्यामध्ये पत्र्याच्या भोकातलं ऊन, आठ आण्याएवढं.
इप्पत्तु.
ऊन जागचं हललं नाही.

"काढू? तेल भरते."
"ऱ्हाऊ दे की अक्का,
आणि जरा."