गॅप

जुन्या बाजारातली रविवारची मोटर,
भोसरीच्या गव्हाण्यांनी लेथवर कातलेली तबकडी,
कडेला आठ टंगस्टनच्या काड्या.
फिरली की कडकडते.
शटरखालून निळा उजेड, ओझोनचा वास,
वर केळुसकर काठी आपटतात.

मला वाटायचं, जेवढा कडकडाट तेवढी ताकद.
गव्हाणे म्हणाले, "अहो, इथंच जळतंय सगळं.
वर काय पोचणार, डोंबल?"

मग काड्या जवळ आणल्या,
पोस्टकार्डाच्या तीन घड्या जातील एवढ्याच.
वेटोळी वायर काढून
तांब्याची रुंद पट्टी, वीतभर.

आज गॅप नुसती पुटपुटली
आणि कॉइलच्या डोक्यावरून
हातभर ठिणगी
छत चाचपत राहिली.

साडेअकराला केळुसकर खाली.
"काय हो, आज बंद?
झोपच लागेना."