वीस किलोच्या आत

बसऱ्याहून निघालेला ट्रेलर
पहाटे साडेचारला शारजात, सजाच्या यार्डात शिरला.
कागदावर नुसतं ‘मिश्र लोखंड’.
ताडपत्री ओढली तेव्हा कुरियाकोस म्हणाला,
कसली तरी टाकी दिसते.
मी वजनकाट्याच्या केबिनमधून पाहिलं
आणि खुर्चीतून उठलो.

टाकी नव्हती.
बॉयलर होता, मीटरगेजचा.
चाकं आधीच कुणी विकलेली,
फायरबॉक्सचं तांबं सोलून नेलेलं,
चिमणीच्या जागी भोक
आणि भोकात चिमण्यांनी सोडून दिलेलं घरटं.
पोटावर खडूनं अरबी अक्षरं.
गुलरेझनं वाचून सांगितलं : बाद.
आमच्याकडे कुर्डुवाडीला
कंडम म्हणायचे.

वडील छोट्या लाइनीवर फायरमन.
नाव निवृत्ती,
पण निवृत्त व्हायचं नाव नव्हतं.
शेवटच्या वर्षी शेडमध्ये इंजिनं ओळीनं उभी,
आणि त्यांच्या पोटावर तो शब्द लिहायला
कुणाचा हात उचलेना.
साहेबानं खडू वडलांच्या हातात दिला.
हे मला आईनं सांगितलं.
त्यांनी कधीच नाही.

तिकडे सहा वाजले असतील.
मी फोन लावला, कॅमेरा बॉयलरकडे धरला.
ते काही बोलेनात.
मग म्हणाले, दिसत नाय मला काय,
हातोडी मार.

गुलरेझची हातोडी घेतली.
एक ठोका.
अजून मागं, म्हणाले. आता खाली.
तिथं. परत मार.
दीड हजार मैलांवर कान फोनला लावून
माझा बाप
एका मेलेल्या इंजिनाच्या छातीत ऐकत होता.
डाव्या बाजूला तडा हाय, म्हणाले.
सांग त्यांना, गाडी सोडू नका.

मी हो म्हटलं.

कुरियाकोस घड्याळ दाखवत होता,
मागे दोन ट्रक हॉर्न मारत होते,
गुलरेझनं गॉगल खाली ओढला,
नळी उघडली, ज्योत निळी केली.
आतल्या पत्र्यावर खापरी बसलेली,
बोटभर जाड, थरावर थर,
पांढरी, पिवळी, मग पुन्हा पांढरी.
तिचा एक तुकडा माझ्या हातात आला.

पाणी कुठलं रं? फोनमधून आवाज.
नदीचं असेल बाबा, बसऱ्याची नदी.
जिभेला लाव.

सगळ्यांसमोर लावला.
खारट.
खारट हाय, मीही तसंच म्हणालो,
त्यांच्यासारखंच, हाय.
मग नुस्ती नदी न्हाय ती, म्हणाले,
समुद्र शिरलाय तिच्यात.
असलं पाणी पाजलं कुणी त्याला?
आणि फोन ठेवला.

सात वाजता काट्यावर आकडा लागला :
अकरा हजार चारशे साठ.
मी पावती फाडली, सही केली.
तुकडा शर्टाच्या खिशात होता.
आमचा काटा
वीस किलोच्या आतलं काही मानत नाही.

दुपारी खिशाला पांढरा डाग पडला होता.
घामानं विरघळलं असेल थोडं.
कॅम्पवर सगळ्यांचे शर्ट एकाच मशीनमध्ये जातात,
म्हणून तो मी
वेगळा, बादलीत भिजवला.
मग पाणी ओतायचं राहूनच गेलं.