घंटा नसलेलं घर

साइमीच्या घरात गजराचं घड्याळ नाही.
दाराला घंटा नाही. फोन आहे,
पण लोकरीच्या दोन टोप्यांत गुंडाळून कपाटाच्या तळाशी.
शेजारणी येतात त्या अंगणातूनच
खोकत, बर्फ करकरवत, मुद्दाम सावकाश.
कायनूच्या या खेड्यात पोराटोरांनाही ठाऊक:
साइमीकडे कुणाला दचकवायचं नाही.

नणंद लेम्पी. साइमीच्याच वयाची, एकोणीस.
एक्कावन्न सालचा ऑक्टोबर,
साइमी या घरात येऊन तिसरा महिना.
पहाटे धारा काढायला उठायचं म्हणून
लेम्पीनं उशाशी ठेवलेलं नवंकोरं घड्याळ,
पितळी, दोन कानांचं.
ते वाजलं.
वाजतच राहिलं.

पाद्रीनं वहीत लिहिलं: झोपेत. देवाची इच्छा.
सासऱ्यांनी घड्याळ तळ्यात फेकलं
आणि मग त्या घरात कुणी मोठ्यानं शिंकलंही नाही.

काळजाचा ठोका चुकला, म्हणतात लोक,
बस चुकली म्हणावं तसं.

पंचेचाळीस वर्षांनी कुओपिओच्या डॉक्टरीणबाईंनी
पाकिटाच्या पाठीवर पेन्सिलीनं एक भिंत काढली,
भिंतीत एक दार.
चार पाळ्यांचं, चारही सारख्या.
ठोका पडून गेला की हे उघडतं,
पोटॅशियम बाहेर पडतं,
आणि हृदय जरा पाठ टेकतं. जरा म्हणजे किती,
तुमची पापणी लवेपर्यंत.
तुमच्याकडे सातव्या गुणसूत्रावर
एक अक्षर बदललंय.

एकच.
ध चा मा.

चारांतली एक पाळी वाकडी बसली तरी दार अडतं,
आत पोटॅशियमची रेटारेटी,
हृदय अजून उभंच,
आणि तेवढ्यात पुढची हाक येते.

साइमीनं विचारलं, म्हणजे यांच्याकडचं काळीज दुबळं?
दुबळं कसलं, चांगलं दमदार आहे.
फक्त निजायला उशीर करतं.
अगदी आमच्या उर्होसारखं, साइमी म्हणाली,
आणि उर्हो, ज्याच्या रक्तात ते अक्षर
सदुसष्ट वर्षं बिनबोभाट राहिलं होतं,
टोपी हातात फिरवत खिडकीबाहेर बघत राहिला.
बहिणीचं गेलं ते, आपलं का नाही,
हे त्यानं विचारलं नाही. डॉक्टरीणबाईंनाही
सांगता आलं नसतं.

नातीचा अहवाल मार्चमध्ये आला.
बटाट्यांच्या भांड्याखाली दोन दिवस तसाच पडून होता.
मग सुनेनं सुरीनं कापला.
आहे.

आइली सहा वर्षांची. अर्धी पांढरी गोळी
निळ्या बेरीच्या मुरंब्यातून.
माझं दार हळू आहे तर कुणी ढकलत का नाही?
ढकलता येत नाही गं, आजी म्हणाली,
ही गोळी बाहेरच्यांना सांगते, जरा दमानं.

शाळेत आता तासाला दिवा लागतो, पिवळा.
घरी सकाळी आठलाही काळोख असतो तेव्हा
साइमी चुलीशी तळवे शेकते,
आइलीच्या पायांवर ठेवते, आणि थांबते.
आधी अंगठा हलतो.
मग घोटा.
मग पोर स्वतःहून, आपल्या वेळेनं, वर येते,
तळ्यातला मासा येतो तशी.

काल आइलीनं विचारलं,
ते घड्याळ कसं वाजायचं?

साइमी बराच वेळ काही बोलली नाही.
मग दार लावून घेतलं, नातीला मांडीवर ओढलं,
एक हात तिच्या छातीवर ठेवला
आणि तिच्या कानात, श्वासापेक्षा थोडंसंच मोठं, म्हणाली:
ट्रिंग.