चार मिलिमीटर

वन्सं वास्तूचं पुस्तक वाचून आल्या,
म्हणाल्या, शेगडी आग्नेयेला हवी.
सिडकोच्या दीड खोलीत आग्नेय म्हणजे
मोरी, आणि कृतिकाचं दप्तर.
गॅसची नळी तिथवर पोचत नाही.
मी हो म्हटलं. डबा भरून दिला,
उत्तमनगरच्या स्टॉपपर्यंत सोडून आले.

हिरामण सव्वासातला येतो अंबडहून,
तिसऱ्या पाळीचं तेल नखांत घेऊन.
मी पावणेनऊला निघते पंचवटीला,
दवाखान्यात केसपेपर फाडायला.
मधला दीड तास म्हणजे आमचा संसार.
त्यातच अंघोळी, वेणी, पाणी भरणं,
आणि कुणाचा तरी आवाज चढणं.

टेबल डुगडुगतं.
फरशीच तिरकी, की चौथा पाय आखूड,
यावर आम्ही पाच वर्षं भांडलो.
त्याने फिटरच्या नजरेने माप काढलं:
चार मिलिमीटर.
मग काहीच केलं नाही.

मार्चमध्ये पिंपळगावहून द्राक्षांची पेटी आली.
द्राक्षं दोन दिवसांत संपली.
पेटीचा पुठ्ठा कृतिकाने दुमडला,
पायाखाली सरकवला.
एक घडी कमी पडली, दोन जास्त.
दीड घडी कशी घालायची
ते तिचं तिनेच शोधलं.

फरशी पुसली की पुठ्ठा निसटतो.
ज्याला आधी दिसेल तो वाकतो.
आज तो वाकला, जागरणाने डोळे लाल,
आणि मी वर दोन कप धरून उभी,
बोटं भाजत.
"ठेव आता," खालून म्हणाला.
ठेवले.
थोडा सांडलाच.