पाठराबे वकिलांची सही

कचेरीच्या तळघरात मे महिन्यातही गारवा असतो.
बाहेर सिव्हिल लाइन्सचं डांबर पाघळतं,
मी इथं सरकारी पगारावर वाळवीशी भांडतो.
दीडशे वर्षांचे गठ्ठे, लाल फडक्यात बांधलेले.
लाल म्हणायचं आपलं.

त्यात एक माणूस पुन्हापुन्हा भेटतो.
चेहरा नाही, तसबीर नाही. नुसती सही.

पहिली मोडीत, टाक न उचलता:
त्र्यंबक दाजी पाठराबे, अर्जनवीस, मुक्काम कामठी.
अर्जाला दोन आणे.
पलटणीच्या धोब्याचं, भिस्त्याचं गाऱ्हाणं
निंबाखाली मांडी घालून ऐकायचं,
शिव्या गाळायच्या, 'हुजूर' घालायचं.

मग तिकडं अमेरिकेत भाऊ भावावर उठले
आणि इकडं हिंगणघाटच्या कापसाला चांदीचा भाव आला.
दलाल भांडले, काटे भांडले, भागीदार तर भांडलेच.
पाठराबेंना सनद मिळाली.
सही आता बाळबोध, आणि तिच्याखाली एक रेघ,
नव्या धोतराची निरी मोडू नये
तशी जपून ओढलेली.

बहात्तर सालचा दावा मी चारदा वाचला.
कोष्टीपुऱ्यातल्या विहिरीला सावकारानं कुंपण घातलं होतं.
वादी उकंड्या बारापात्रे, विणकर, अंगठा.
तीन दिवस युक्तिवाद.
साहेबाला त्यांनी भर कोर्टात त्या विहिरीचं पाणी पाजलं
असं आमचे जुने शिरस्तेदार सांगत;
कागद तसं काही म्हणत नाही.
कुंपण निघालं. वकीलपत्राला टाचलेली चिठ्ठी:
'फी पावली. पागोटं एक, तांबड्या काठाचं.'

पुढं ते म्युनिसिपालिटीत बसले.
टी. डी. पाठराबे, सभासद.
इंग्रजी सही, तिरकी, टांग्यात पाय ठेवून केल्यासारखी.
रस्त्यांचे दिवे, कोंडवाडा, मैल्याच्या गाड्या,
साहेबाच्या निरोपाला हारांचे साडेतीन रुपये,
सगळ्याखाली तीच.

आणि तो ठराव.
नळ आले आहेत, सबब जुन्या विहिरी बुजवाव्यात.
यादीत अकरावी कोष्टीपुऱ्याची.
अनुकूल नऊ, प्रतिकूल दोन.
नवांत पाठराबे.

मी भिंग लावून पाहिलं.
शाई कुठं तरी थबकली असेल,
एखादा ठिपका, एखादं फराटं.
नाही.

खरं सांगायचं तर पटकी खोटी नव्हती.
त्याच उन्हाळ्यात त्या पुऱ्यात एकेचाळीस माणसं गेली,
नावांची यादी दुसऱ्या गठ्ठ्यात आहे.
पण नळही दोन गल्ल्या अलीकडंच थांबला,
आणि थांबला तो थांबलाच.
कुणाला काय म्हणावं? मीही महिन्याला
शंभरेक कागदांवर सही करतो. वाचतो थोडीच.

पुढच्या निवडणुकीत ते पडले.
किती मतांनी, ते पान वाळवीच्या पोटात.

मग बारा वर्षं काहीच नाही.
मी त्यांना मेलेले धरून चाललो होतो.
परवा एका भलत्याच गठ्ठ्यात, गुरांच्या पावत्यांमध्ये,
एक अर्ज निघाला:
बुजवलेली विहीर पुन्हा उपसावी,
अर्जदार स्वतः वर्गणी देईल.
अक्षर परक्याचं.
खाली अंगठा.
बाजूला लिहिलंय: उजवं अंग गेल्यामुळे
त्र्यंबक दाजी पाठराबे यांचा डाव्या हाताचा.
ओळख पटवणारा, सोमा वल्द उकंड्या बारापात्रे.
त्याची सही आहे. मोडीत.
टाक न उचलता.

त्यावर साहेबाचा शेरा, दोन शब्द: दप्तरी दाखल.

काल घरी जाताना वाट वाकडी करून तिकडं गेलो.
चहावाल्यानं बोट दाखवलं, "इथंच होती म्हणतात, बाप्पा."
तिथं झेरॉक्सचं दुकान.
पोरगं मान वर न करता म्हणालं, "किती कॉप्या, भाऊ?"
मी म्हटलं, एक.
आणि खिसे चाचपत उभा राहिलो,
कागद तर तळघरातच होता.