नमुना क्रमांक एकशे सदतीस

सुरगाण्याहून उंबरठाणकडे जाताना
डांबर जिथे कंटाळतं, तिथून आत साग.
मग धावडा, मग ऐन,
आणि ऐनाच्या बुंध्याला खेटून
माझ्या खांद्याला लागेल एवढं वारूळ.
नोव्हेंबर सरत आलेला. भात घरात आलं होतं.

मी पिशवी, खुरपं, शिसपेन्सिल घेऊन आलेली,
नाशिकच्या माती परीक्षण प्रयोगशाळेतली सहायक,
आजवर फक्त चाळणीखालची माती पाहिलेली.
जमनीबाई भोये पाटी घेऊन आली होती,
कणगी लिंपायची होती तिला.
दोघींना हवं होतं ते एकच ढेकूळ.

"वरून नको," ती म्हणाली. "वर त्यांचा श्वास आहे.
कुशीतून घे. आणि एका जागेवरून एकदाच."
तिनं पहारीचं टोक आधी नुसतं टेकवलं,
घरात कुणी आहे का, विचारावं तसं.
मग घाव घातला,
तर कवच वाजलं भाजल्या कौलासारखं.

आत भिंत नव्हती, वाटा होत्या.
बोट जाईल एवढ्या, करंगळी अडेल एवढ्या,
वर चढलेल्या, मधेच मन बदलून वळलेल्या,
आणि खोल एका पोकळीत
भुरकट, सुरकुतलेला, अक्रोडासारखा गोळा:
चावून रचलेल्या पाचोळ्याचं शेत,
त्यावर खसखशीएवढे पांढरे दाणे.
"हिचीच अळंबी येते श्रावणात.
पेरणारे हे, खाणारे आम्ही."
मी हात आत घातला.
ऊब.
बाहेर थंडीनं माझी नखं निळी पडलेली.

वाळवीची धावाधाव चालली होती,
प्रत्येकीच्या तोंडात एक कण.
जमनीबाईच्या घरी कोरा चहा घेऊन परत आले
तोवर भगदाडाची कड ओली झाली होती,
आत सरकली होती.
मी भीतभीत नागोबाचं नाव काढलं. ती हसली.
"तो भाडेकरू. तोही भाडं बुडवणारा."

नाशिकला माती सावलीत वाळवली,
लाकडी हातोडीनं फोडली,
दोन मिलिमीटरच्या चाळणीतून काढली.
वारुळापासून दहा पावलांवरच्या मातीत
वाळू फार, चुना जेमतेम, सामू सहाच्या खाली.
वारुळात चिकणमाती दुपटीहून जास्त,
सामू साताला टेकलेला,
आणि कॅल्शियम असं
की खैरनार साहेबांनी पुन्हा करायला लावलं.
पुन्हा तेच आलं.
कुठून आणली यांनी?
मुरुमाखालून, जिथे आमचं गिरमिट पोचत नाही,
एकेक घास, थुंकीत कालवून.

अर्जावर रकाने असतात.
खातेदाराचं नाव. गट नंबर. मागच्या हंगामातलं पीक.
दिंडोरीचे द्राक्षवाले ते न अडखळता भरतात.
मी पिकापुढे 'अळंबी' लिहिलं,
खातेदार कोरा सोडला.

मार्चमध्ये नमुन्यांच्या खोलीत
मागच्या भिंतीवर मातीची रेघ दिसली,
फरशीच्या सांध्यातून निघून कपाटाआड गेलेली.
साहेबांनी फवारणीवाल्या अन्वरला फोन केला.
तो यायच्या आधी मी टॉर्च लावला.
रेघ तळाशी काळी, निफाडची असावी,
मग वीतभर तांबूस,
मग राखाडी, मग पुन्हा काळी.
कापडी पिशव्या बुडातून कुरतडलेल्या,
चिठ्ठ्यांवरची नावं खाल्लेली,
गट नंबर खाल्लेले, बांध खाल्लेले.
एकशे सदतीस अर्धी रिकामी.

चिमूटभर रेघ तळव्यावर घेतली,
दोन थेंब पाणी, अंगठ्यानं चेपत फीत काढली.
लांबत गेली. तुटेना.

खाली अन्वरचा पंप सुरू झाला.
मी जिथून माती घेतली होती
तिथली कड ओली होत होती.