कन्नी

घोरपडे यशराज, वय सात, दांडिया बाजार.
"आडनावातच घोरणं आहे, काय करणार,"
बाप हसला.
आई हसली नाही.
तिनं फोनवर रात्र भरून आणली होती:
करवत, करवत, करवत,
मग काहीच नाही.
मागच्या पंख्याची टिकटिक तेवढी. मी चौदा मोजल्या.
मग विहिरीतून वर आल्यासारखा तो,
हपापून.

रावपुऱ्यातल्या या खोलीत बावीस वर्षं
मी डोकी काढते, बाजूनं.
कानांत दांड्या, नाकाच्या मुळाशी टेकू.
दात मीट, गिळू नकोस,
आता श्वास धरून ठेव.
"ते त्याला येतं," आई म्हणाली.
बटणावर माझं बोट
जरा जास्तच थांबलं.

काम आता संगणक करतो,
पण आमच्या डॉक्टरांना अजून माझी रेघ लागते.
उजेडाच्या पेटीवर फिल्म, फिल्मवर पातळ कागद.
कवटीच्या मधोमध एक खोगीर असतं, रिकामं.
तिथे पहिला ठिपका.
नाकाच्या मुळाशी दुसरा.
वरचा जबडा. खालचा, जो मागे राहिलाय
चप्पल तुटलेल्या पोरासारखा.
कोन लिहिला.
नाकामागे गाठ फुगलेली, तिच्यापुढे वाट
तीन मिलिमीटर:
बाजरीचे दाणे एकामागून एक जातील, बस.
आणि गळ्यातलं ते हाड,
कुठल्याच हाडाला न सांधलेलं,
नुसतं ओढीवर तरंगणारं,
असावं त्याहून खाली.

"हे मी?"
पाकीट न्यायला आलेला, माझ्या कोपरापाशी उभा.
तोंड उघडं, झोपेत असतं तसंच.
ठिपक्यांवरून बोट फिरवत म्हणाला,
"कन्नी चुकलीये, मावशी.
खालचा दोरा लांब झाला
की पतंग मान टाकतो."
उत्तरायणाला अकरा दिवस होते.

हे चित्र जागेपणाचं आहे, मी त्याच्या आईला सांगितलं,
उभ्या मुलाचं, ताठ मानेचं.
आडवा झाल्यावर जीभ कुठे जाते
ते यात उतरत नाही.
एक रात्र तारा लावून झोपवावं लागेल.
ती म्हणाली, झोपतच नाही हो मी.

त्या आठवड्यात दांडिया बाजारातून घरी जाताना
गच्च्यांवर मांज्याच्या फिरक्या, आरडाओरडा,
कुणी तरी तुक्कल चढवत होतं.
मी वर पाहिलं नाही.
बंद खिडक्या पाहत गेले, कुठली त्याची
मला माहीत नाही,
आणि पावलांबरोबर उगाच
नऊ, दहा, अकरा